‘नस दबलीय’ म्हणजे नेमकी कुठली नस?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. माझी समजूत कुठं चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. मुलगी 17 वर्षांची, बारावीत आहे. सात वर्षं पोहतेय, फ्रीस्टाइल आणि बटरफ्लाय. चार महिन्यांपासून उजव्या हाताच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. त्या कोपरापर्यंत आतल्या बाजूनं चढतात. हात वर गेला की जड पडतो, आता तर वेणी घालतानासुद्धा मध्येच हात खाली घ्यावा लागतो. मानेचा एमआरआय नॉर्मल, एनसीव्ही (मज्जातंतूतून निरोप किती वेगानं जातो ते मोजणारी चाचणी) नॉर्मल. एक्स-रेमध्ये मानेच्या बुडाशी एक जादा बरगडी दिसली. एका डॉक्टरांनी कागदावर ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ (मानेतून हाताकडं जाणारे मज्जातंतू किंवा रक्तवाहिन्या वाटेत दबण्याचा आजार) लिहून बरगडी काढायचा विचार करा म्हणून सांगितलं. दुसऱ्यांनी नस दबलीय म्हणून गोळ्या दिल्या. कोच म्हणतात, स्पर्धेचं टेन्शन घेतलंय, हाताला काही झालेलं नाही. आणि तुमचा प्रश्न आहे की ऑपरेशन करावं का, आणि तिचं पोहणं कायमचं सुटणार का.

तुम्हाला झोप लागत नाही असं लिहिलंय, म्हणून उत्तर आधीच देते. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून आज ऑपरेशनचा निर्णय घ्यायची घाई दिसत नाही. पोहणं सुटेल असंही त्यात काही नाही. पण हे मी लेकीला हात न लावता लिहितेय, तेव्हा पुढचं सगळं वाचा आणि तिच्या हाताशी ताडून बघा. दोन-तीन गोष्टी अशा आहेत की त्या तिच्यात दिसल्या तर माझं हे उत्तर बदलतं.

मी कोल्हापुरात 22 वर्षं फिजिओथेरपी करते. माझ्याकडं येणाऱ्यांत तालमीतली पोरं, पेठांच्या संघांचे फुटबॉलपटू, व्हॉलीबॉल आणि भालाफेकीचे खेळाडू आणि कोल्हापूरचा ऑलिम्पिक जलतरणपटू वीरधवल खाडे याचं नाव घेत पाण्यात उतरलेली पोहणारी मुलं जास्त. या दुखण्याचे रुग्ण रोज येत नाहीत. जे येतात ते बहुतेक तुमच्यासारखेच, तीन ठिकाणी तीन वेगळी उत्तरं ऐकून आलेले असतात. आणि गोंधळ सुरू होतो तो एका शब्दापासून.

आपल्या बोलण्यात ‘नस’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना चालतो. मेंदूचा निरोप हाताला पोचवणारा मज्जातंतू, हातातलं रक्त हृदयाकडं परत नेणारी शीर, आणि हृदयाकडून हाताला रक्त आणणारी धमनी. तिन्हीला आपण नसच म्हणतो. नस आखडली, नस दबली, नस सुजली. या आजारात या तिन्हींपैकी काहीही दबू शकतं, आणि कुठली दबलीय यावर सगळं ठरतं. मज्जातंतू असेल तर महिनाभर थांबून नीट विचार करायला सवड असते. शीर किंवा धमनी असेल तर एक दिवसही थांबायचं नसतं. तेव्हा कुणी ‘नस दबलीय’ म्हटलं की पहिला प्रश्न हाच विचारा: कुठली?

आरशासमोर उभं राहून कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात दोन बोटं ठेवा. त्या बोटांखालूनच हाताचा सगळा कारभार जातो. मानेतून चार आणि छातीच्या सुरुवातीला एक अशी मज्जातंतूंची पाच मुळं बाहेर पडतात, एकमेकांत गुंततात आणि हाताकडं निघतात. त्या वाटेत तीन अडचणीच्या जागा आहेत. पहिली मानेच्या बाजूला, स्केलीन नावाच्या दोन स्नायूंच्या फटीत. दुसरी कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये. तिसरी काखेच्या पुढं, पेक्टोरॅलिस मायनर या छोट्या स्नायूखाली. मज्जातंतू आणि धमनी तिन्ही जागांतून जातात. शीर पहिल्या फटीतून जात नाही, ती स्केलीनच्या पुढून येते आणि कॉलरबोन व बरगडी जिथं कात्रीसारखी जवळ येतात तिथं सापडते. शंभरातल्या नव्वदहून जास्त रुग्णांत मज्जातंतूच दबलेला असतो. शिरेचे थोडे, धमनीचे त्याहून थोडे. पण थोडे म्हणून विसरायचे नसतात. का ते दोन अनुभवांवरून सांगते.

काही वर्षांपूर्वी एका तालमीतला 22 वर्षांचा पैलवान आला. वस्ताद स्वतः घेऊन आले होते. ‘दंड भरलाय, जोर जास्त झाले,’ असं म्हणत चार दिवस त्याला तेल लावून रगडून मालिश चाललं होतं. शर्ट काढायला सांगितला. उजवा दंड टेपनं मोजला तर डाव्यापेक्षा चार सेंटिमीटर जास्त. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा उजवा दंड थोडा मोठा असतोच, पण इतका नाही. कातडी निळसर, ताणलेली, आणि खांद्याच्या पुढून छातीवर बारीक शिरांचं जाळं उठलेलं. मी त्या हाताला पुन्हा बोट लावलं नाही. तिथूनच डॉपलर सोनोग्राफीला, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या तपासणीला पाठवलं. कॉलरबोनखालच्या शिरेत गुठळी निघाली. जोर मारताना, डाव टाकताना, खांद्यावर वजन घेताना ती कात्री हजारदा मिटते, शिरेच्या आतलं अस्तर खरचटतं आणि एक दिवस रक्त तिथं गोठतं. पॅजेट यांनी 1875 मध्ये आणि फॉन श्रोटर यांनी 1884 मध्ये हे वर्णन केलं, म्हणून पुस्तकात त्याला पॅजेट-श्रोटर म्हणतात. गुठळी असलेल्या हाताला मालिश करणं म्हणजे ती सुटून फुप्फुसात जायला वाट देणं. त्या पोराचं नशीब बरं होतं. रक्त पातळ करायची औषधं, गुठळी विरघळवायचा उपचार, मग बरगडी काढायचं ऑपरेशन, हे सगळं झालं आणि पुढच्या वर्षी तो परत मातीत उतरला. ते वस्ताद आता मालिश करण्याआधी दोन्ही दंड शेजारी-शेजारी धरायला लावतात. मला त्याचं फार समाधान आहे.

दुसरा अनुभव माझ्या चुकीचा आहे. एक वेगवान गोलंदाज खांदा दुखतो म्हणून आला. हात थकतो, बोटं गार पडतात असं म्हणायचा. डिसेंबर होता, सकाळी सहाला सराव. गार पडणारच, असं मी मनात धरलं आणि दोन आठवडे खांद्याचे व्यायाम देत राहिले. एके दिवशी त्याच्या तर्जनीच्या टोकावर तिळाएवढा काळा ठिपका दिसला. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. जादा बरगडीवर घासून त्याची धमनी एका जागी फुगली होती, तिथं गुठळ्या होत होत्या आणि बारीक कण सुटून बोटांपर्यंत पोचत होते. वेळेत ऑपरेशन झालं, बोट वाचलं. त्या दिवसापासून खांद्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक खेळाडूचे दोन्ही तळवे मी माझ्या हातात घेऊन बघते. गार आहे का, पांढरा आहे का, दोन्ही मनगटांवरची नाडी सारखी आहे का.

यावरून ह्यूस्टनच्या जे. आर. रिचर्डची गोष्ट आठवते. अमेरिकेतल्या बेसबॉलमधला जबरदस्त पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. 1980 च्या मोसमात तो सांगत होता की हात मेल्यासारखा होतो, थकतो. पुष्कळांनी त्याला कामचुकार ठरवलं. 30 जुलै 1980 ला सरावातच तो कोसळला, पक्षाघाताचा झटका होता. हाताकडं जाणाऱ्या धमनीतल्या गुठळीतून ते झालं होतं. पुढं तो मोठ्या सामन्यात कधीच खेळला नाही. तुमच्या कोचना दोष द्यायला मी हे सांगत नाही, त्यांना बाहेरून हात धडधाकटच दिसतो. पण खेळाडू ‘हात माझा राहत नाही’ असं म्हणतो तेव्हा ते खरं मानून तपासायचं, एवढं त्यांना माझ्या वतीनं जरूर सांगा.

आता तुमच्या लेकीकडं येते. आज संध्याकाळी उजेडात बसून तिचे दोन्ही हात बघा. एक हात सुजलेला, निळसर, छातीवर नव्यानं उठलेल्या शिरा, असं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, असो की खासगी, जिथं डॉपलर लगेच होतं तिथं. बोटं पांढरी-गार पडत असतील, टोकाला जखम किंवा काळा डाग असेल, नाडी एका बाजूला लागत नसेल, तरी तेच. दोन्हींत शेक नाही, मालिश नाही, व्यायाम नाही. तिसरी गोष्ट, दोन्ही तळवे शेजारी ठेवून अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बघा. एका बाजूला तो चपटा, खोलगट झाला असेल तर मज्जातंतू बराच काळ दबलेला आहे असं समजायचं. ती घाई तासांची नाही, पण आठवडेही घालवायचे नाहीत.

तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही. मुंग्या करंगळीच्या बाजूला, हात वर गेला की जडपणा, हात खाली आणला की आराम, सूज नाही, रंग बदलत नाही. हे मज्जातंतूचं चित्र आहे. तरी कोपराची शंका आधी काढून टाकावी लागते. करंगळीचा मज्जातंतू कोपरामागच्या खोबणीतही दबतो. पोरं फोन कानाला लावून किंवा कोपर दुमडून तासन्‌तास वाचत बसली की मुंग्या येतात त्या याच. फरक असा की कोपरात दबला तर मुंग्या करंगळी आणि तळव्याच्या कडेपुरत्या राहतात. मनगटाच्या वर, कोपरापर्यंत आतल्या कातडीला जाणीव देणारा तंतू वेगळा आहे, तो कोपराच्या खोबणीतून जातच नाही. मुंग्या कोपरापर्यंत चढतात असं तुम्ही लिहिलंय. या एका वाक्यानं माझा कौल मानेकडं आणि कॉलरबोनकडं जास्त झुकला. एमआरआय नॉर्मल म्हणजे मानेच्या गादीचा संशयही बराचसा मिटला.

एनसीव्ही नॉर्मल आहे म्हणून काही नाही, असं कुणी म्हटलं तर मानू नका. मज्जातंतू दबलेल्या बहुतेक रुग्णांत ती चाचणी नॉर्मलच येते. तंतू मेलेला नसतो, ठरावीक स्थितीत अडचणीत येतो, आणि चाचणी हात खाली, आरामात ठेवून होते. तसंच नाडीच्या चाचणीचं. मान वळवून, खोल श्वास घेऊन मनगटाची नाडी गेली की सिंड्रोम, असं अजून कुठं कुठं शिकवतात. पण अगदी निरोगी माणसांचीही नाडी त्या स्थितीत कमी होते. तेवढ्यावर निदान ठरवू नये.

मला जास्त उपयोगी पडते ती तीन मिनिटांची चाचणी. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात वर, आणि मुठी सावकाश उघडायच्या-मिटायच्या. मी समोर बसून घड्याळ बघते. अलीकडंच एक व्हॉलीबॉल खेळणारी मुलगी होती. चाळीस सेकंदांत उजवी मूठ डावीपेक्षा हळू झाली, एक मिनिटाला करंगळी पुरी मिटेना, सव्वा मिनिटाला तिनं डोळे घट्ट मिटले आणि हात खाली टाकला. डावा आरामात तीन मिनिटं चालला असता. हात नुसता थकला म्हणून चाचणी सकारात्मक होत नाही, थकतो सगळ्यांचाच. रोजचीच मुंगी, रोजच्याच बोटांत, त्याच क्रमानं आली का, ते बघायचं. हे घरी स्वतः करून निष्कर्ष काढू नका, तपासणाऱ्याकडूनच करून घ्या.

आणि ती जादा बरगडी. तुमची सगळ्यांत जास्त भीती तीच असणार, कारण ती फिल्मवर दिसते. मानेच्या सातव्या मणक्याला अशी बरगडी शंभरात एकालाही नसते, पण ज्यांना असते त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर तिचा पत्ता लागत नाही. तुमच्या लेकीलाही ती जन्मापासून आहे, आणि मुंग्या चार महिन्यांच्या आहेत. बरगडीमुळं जागा आधीच अरुंद होती, हे खरं. पण चार महिन्यांपूर्वी काय बदललं, हा माझा पहिला प्रश्न असेल. सराव वाढला का, हाताला पॅडल लावून पोहणं सुरू झालं का, बटरफ्लायचे सेट वाढले का, बारावीचे क्लास सुरू होऊन एका खांद्यावर जड सॅक आली का. बहुतेक वेळा यातल्या दोन-तीन गोष्टी एकदमच आलेल्या असतात.

पोहणाऱ्यांना हे का होतं, तेही समजून घ्या, कारण उपचार त्यातूनच निघतो. चार किलोमीटरच्या सरावात एकेक हात हजार-दीड हजार वेळा डोक्यावर जातो. हात वर जाताना खांद्याचं पातं, म्हणजे पाठीवरचं ते चपटं हाड, वर फिरून जागा मोकळी करतं. त्याला फिरवणारे स्नायू दमले की ते पुढं कलंडतं आणि कॉलरबोन खाली बसते. दुसरं, स्केलीन हे श्वासाचेही स्नायू आहेत. दम लागल्यावर मानेतून ओढून श्वास घेणारी मुलं मी रोज बघते, गळ्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या उठतात. त्यात कायम एकाच बाजूला मान वळवून श्वास घेतला तर स्केलीनवरचा भार दोन्हीकडं सारखा राहत नाही. फुगलेले, आखडलेले स्केलीन म्हणजे ती पहिली फट आणखी अरुंद.

म्हणून मी सुरुवात श्वासापासून करते. पालकांना हे फार साधं वाटतं, ‘एवढंच?’ असं तोंडावर दिसतं. उताणं झोपायचं, गुडघे दुमडून, उजव्या हाताखाली उशी. एक हात पोटावर. श्वास घेताना पोट वर, मानेच्या दोऱ्या सैल. पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. आठवड्यानं हेच बसून, मग चालताना, मग पाण्यात. हे जमल्याशिवाय पुढचे व्यायाम मी देत नाही, कारण मानेतून श्वास घेत केलेला प्रत्येक व्यायाम त्याच जागेवर ताण देतो.

दुसरी पायरी पात्याची. इथं एक सवय मोडावी लागते. तालमीत, परेडला, शाळेच्या पीटीला आपल्याला एकच शिकवलेलं असतं: छाती पुढं, खांदे मागं आणि खाली. ताई, कॉलरबोन आणि बरगडीमधली जागा दाबून बघायची एक चाचणी आहे, तिच्यात आम्ही रुग्णाला नेमकं असंच उभं करतो. या दुखण्यात खांदे खाली ओढायचे नसतात. ते जरासे वर, कानाकडं अर्धा इंच उचललेले हवेत, आणि पातं छातीच्या पिंजऱ्याला चिकटून वर फिरायला शिकलं पाहिजे. त्यासाठी भिंतीवर टॉवेल धरून हात सरकवणं, उताणं पडून हात छताकडं ढकलणं, पोटावर झोपून हलके हात उचलणं, असे व्यायाम आहेत. पहिले दोन-तीन आठवडे सगळं खांद्याच्या उंचीखाली. मग खांद्याच्या रेषेत. डोक्यावर सगळ्यांत शेवटी. माझा नियम एकच आहे: व्यायामानंतर मुंग्या आल्या तर त्या पाच-दहा मिनिटांत जायला हव्यात. रात्रीपर्यंत रेंगाळल्या तर दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली.

मज्जातंतू सरकवायचे काही हलके व्यायाम असतात. ते शिकवणाऱ्याकडूनच शिका. तंतूला ताणायचं नसतं, त्याच्या वाटेत अलगद मागं-पुढं सरकवायचं असतं. व्हिडिओ बघून जोरात ताणलेल्या पोरी माझ्याकडं जास्त दुखणं घेऊन आल्यात. पेक्टोरॅलिस मायनर आखडलेला असेल तर तो हातानं सैल करावा लागतो, ते मी स्वतः करते. मानेच्या पुढच्या बाजूला मसाज गन लावू नका. मान मोडून घेऊ नका, हाडवैद्याकडं नाही आणि कुणाच्याही हौसेखातर नाही. केस कापून झाल्यावर खुर्चीतच मान कटकन वळवून घ्यायची सवय असलेली पोरं आपल्याकडं पुष्कळ. त्यांनाही मी हेच सांगते.

पाण्यातलं. पूर्ण बंद करायला मी सहसा सांगत नाही. कोरडं घरी बसवलं की खेळाडू मनानं खचतो आणि पातं आणखी सुस्तावतं. पण बटरफ्लाय बंद, पॅडल बंद, अंतर निम्म्याहून कमी. इथं एक चूक बहुतेक कोच करतात: हाताला आराम म्हणून किकबोर्ड देतात. बोर्ड धरला की दोन्ही हात डोक्यापुढं ताणलेले राहतात, तेही मिनिटामागून मिनिटं. त्यापेक्षा हात मांडीशी ठेवून, पाठीवर झोपून पाय मारू दे. फ्रीस्टाइलला परत येताना दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला शिकायचं. हात पाण्यात शिरताना डोक्याच्या मधल्या रेषेपलीकडं जात असेल तर तो खांद्याच्या सरळ रेषेत आणायचा. कोचांनी काठावरून फोनवर पुढून एक व्हिडिओ काढला तरी हे दिसतं.

उरलेल्या गोष्टी छोट्या वाटतील, पण दिवसाचे वीस तास त्यातच जातात. सॅक खांद्यावर नको, पट्टा नेमका कॉलरबोनवर बसतो. चाकांची बॅग घ्या, नाहीतर पुस्तकं दोन ठिकाणी ठेवा. हात डोक्याखाली घेऊन झोपणं बंद. अभ्यासाला टेबलाची उंची अशी की कोपर टेकलेले राहतील, खांदे लोंबणार नाहीत. स्पर्धेच्या स्विमसूटचे आणि अंतर्वस्त्राचे पट्टे काचून लाल वळ उठत असतील तर ते बदला. मुली हे कोचला सांगत नाहीत, आईलाही कधी कधी सांगत नाहीत. मी प्रत्येकीला विचारते आणि निम्म्या वेळा वळ निघतातच.

गोळ्यांबद्दल थोडंच. नसांच्या दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी झोप आणि सुस्ती येते, बारावीच्या मुलीला ते जड जातं. देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, मनानं बंद करू नका. आणि गोळीनं मुंगी दबली म्हणजे जागा मोकळी झाली असं समजून सराव वाढवू नका.

किती दिवस? नीट केलं तर सहा आठवड्यांत काहीतरी फरक दिसायला हवा. वेणी पुरी घालता आली, रात्री मुंग्यांनी जाग येत नाही, एवढा तरी. खरा हिशेब तीन महिन्यांनी करायचा, काहींना सहा लागतात. मज्जातंतूच्या प्रकारात बरेच खेळाडू ऑपरेशनशिवाय परत खेळतात. पण ‘फिजिओ करून बघितली, उपयोग नाही’ असं म्हणत येणाऱ्यांना मी विचारते, काय केलं? बऱ्याचदा उत्तर येतं: दहा दिवस मशीनचा शेक आणि मानेला ताण. तो उपचार झालेला नाही, असंच मी धरते.

ऑपरेशन वाईट आहे असा माझा बिलकूल ग्रह नाही. शिरेच्या आणि धमनीच्या प्रकारात तेच लागतं. शिरेत गुठळी झाली असेल तर नळी घालून ती विरघळवायचा उपचार पहिल्या 14 दिवसांत चांगला लागू पडतो, म्हणून तिथं दिवस मोजायचे असतात. नंतर बरगडी काढून जागा मोकळी करतात. बरगडी तशीच ठेवून आत स्टेंट घातला तर ती कात्री स्टेंटलाही चेपते. रक्त पातळ करायची औषधं साधारण तीन महिने तरी चालतात आणि तोवर कुस्तीसारखा अंगाला भिडायचा खेळ बंद. मज्जातंतूच्या प्रकारात हाताचे स्नायू झिजायला लागले, पकड कमी झाली, किंवा तीन ते सहा महिने खरोखर नीट व्यायाम करूनही रोजचं जगणं अडतंय, तर ऑपरेशनचा विचार करायचा. पहिली बरगडी, असेल तर जादा बरगडी आणि स्केलीन स्नायू काढतात. काखेतून करतात किंवा कॉलरबोनच्या वरून. काहींना फक्त पेक्टोरॅलिस मायनर सोडवला तरी पुरतं. शेजारी फुप्फुस आहे, श्वासपटलाचा तंतू आहे, पात्याला धरणाऱ्या स्नायूचा तंतू आहे, मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. म्हणून हे ऑपरेशन नेहमी करणाऱ्या सर्जनकडंच करावं, त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागलं तरी. त्याआधी सोनोग्राफीत बघून स्केलीनमध्ये भूल देणारं इंजेक्शन देतात. काही तास मुंग्या आणि जडपणा गेला तर निदान योग्य असल्याचा भरवसा वाढतो आणि ऑपरेशनचा उपयोग होण्याची शक्यताही. तुम्हाला ऑपरेशन सुचवणाऱ्या डॉक्टरांना हे विचारा: तुमच्या मते दबलंय काय, मज्जातंतू की रक्तवाहिनी? डॉपलर हात वर करूनही बघायचं का? इंजेक्शनची चाचणी करून बघता येईल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

पुढच्या महिन्यातली स्पर्धा सोडा. लेकीला वाईट वाटेल, मला माहीत आहे. पण 17 व्या वर्षी एक स्पर्धा गेली तर परत येते. ‘सोड’ एवढंच तिला सांगू नका. पाण्यात काय करायचं आहे तेही त्याच वाक्यात सांगा. खेळाडूला हातात काहीतरी लागतं.

माझ्याकडं किंवा दुसऱ्या कुणाकडंही जाण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. रोज चार ओळी पुरेत. मुंग्या कुठल्या बोटांत, तेव्हा हात कुठं होता, किती मिनिटांत गेल्या, त्या दिवशी किती मीटर पोहली आणि कुठल्या प्रकारानं. एक्स-रेची फिल्मच न्या, नुसता रिपोर्ट नको. तिला बिनबाह्यांचा किंवा मागून मोकळा टी-शर्ट घालून न्या, पाठीवरची दोन्ही पाती हलताना दिसली पाहिजेत. आणि शक्य असेल तर कोचनाही बरोबर घ्या. तीन मिनिटांची ती चाचणी त्यांनी समोर बसून बघावी, अशी माझी फार इच्छा आहे.